लाइनीच्या शेवटचं घर

...आणि हे यांना आत्ता सुचलं, तुम्हाला सांगतो, आत्ता. अर्ज करकरून चपला झिजल्या तेव्हा वीज ऑफिसातला कारकून काय म्हणायचा, "काका, तुमचं घर पडलं लाइनीच्या शेवटी, तिथवर पोचेस्तोवर वीज दमते." दमते म्हणे. वीज आहे का माझी सासू?

लाइनीच्या शेवटी घर म्हणजे काय, तर संध्याकाळी वरच्या अंगाला लाकडाच्या वखारीत विजेची करवत लागली, की इकडे आमचा दिवा डोळे मिटणार. आमची ही कपडे शिवायची. दिवा बसला की "घ्या, गेला" म्हणून शिवण मांडीवर टाकायची, आणि मग काय करणार, बोलत बसायची. माझ्याशी. म्हणजे मलाच बोलायची. "अहो, सगळं गाव सोडून हीच जागा बरी सापडली तुम्हाला?" करवत थांबली, दिवा उघडला, की तोंड बंद आणि सुईत दोरा.

आणि आता चष्मेवाला इंजिनिअर येतो. "आजोबा, सोलरच्या पाट्या आणि बॅटऱ्या बसवायच्यात, वीज इथूनच लाइनीत सोडायची. कॉम्प्युटरनं सगळे खांब तपासले, सगळ्यात फायद्याची जागा तुमचं अंगण." म्हटलं, मग बसवा की हत्तीएवढं, हात आखडता कशाला? तर म्हणतो, "फार मोठं बसवलं तर व्होल्टेज चढतं, बल्ब उडतात. मापातच हवं." म्हणजे बघा, जागा बरोबर, माप बरोबर... आणि वेळ? ती त्या कॉम्प्युटरला कोणी विचारलीच नाही. ही जाऊन वर्ष होईल आता.

"आजींची खुर्ची मध्ये येतेय, कुठं ठेवू?" म्हणाला. म्हटलं, आत ठेव, दिव्याखाली.

बसवलं त्यांनी. आता करवत लागते, मी सवयीनं सरसावून बसतो, आता ही बोलणार... दिवा हूं की चूं करत नाही. लखलखीत. रिकामी खुर्ची दिसते, तिच्या दांडीला अडकलेला दोरासुद्धा दिसतो.

काल गेलो परत अर्ज घेऊन, लाइनीच्या शेवटून चालत. कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, आता कसली तक्रार?" म्हटलं, तक्रार नाही रे, संध्याकाळचा थोडा वेळ तेवढा दिवा मंद करता येईल का?

"नाही काका. मापात बसवलंय."

मग काय... बसलोय उजेडात.