जोडीनं काम

आधी चहा खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईन. यवतमाळच्या सरकारी कापूस प्रयोगशाळेत मी चपराशी होतो तवाची गोष्ट. नागपूरचे एक प्राध्यापक बोंडअळीवर काम कराले आमच्याकडे आलते. दिल्लीहून त्यायच्या जादा अनुदानाचं पत्र आलं. अट एकच, प्रयोगशाळेसोबत जोडीनं काम करा, तपासनीस येऊन पाहतीन. अन् इथं आमचे साहेब अन् प्राध्यापक अळ्या पाहाच्या एका दुर्बिणीवरून महिनाभर बोलत नव्हते! अनुदान बुडालंच समजा.

मले गंमत सुचली. प्राध्यापकायले म्हटलं, "सर, जोडीनं म्हणजे पूजेले बसते तसं. बायको पाहिजे बाजूले."

घाबरलेल्या माणसानं खरंच बायकोले तार केली! तपासनीस आले तर नवराबायको पाटावर, उपरण्याले पदराची गाठ, अन् समोर कापसाची बोंडं!

"ह्या कोण?"

"माझी पत्नी. जोडीनंच काम करायचं ना?"

तपासनीस लालेलाल. "अहो, प्रयोगशाळेसोबत जोडीनं! सरकार तुमच्या संसाराले अनुदान देऊन राह्यलं काय?"

दाराआड आमचे साहेब खो खो हसले. हसत हसतच आत आले अन् म्हणाले, "वहिनी, उठा. तो पाट माझा हाय."

वहिनी उठल्या. पदराची गाठ सोडली अन् उपरणं साहेबाच्या टायले करकचून बांधलं.

"आता भांडा पाहू!"

तपासनिसानं तिथंच मंजुरीची सही ठोकली!