समुद्राइतकंच खारट

विदाद : तौफीकसाहेब, इब्तिहेलचं पत्र रमजानच्या आधी आलंय, तिच्या नव्या पद्धतीवर तुमचं मत मागणारं. अजून उत्तर नाही?

तौफीक : लिहायला बसतो गं. मग वाटतं, माझंच काही समजायचं राहिलं असेल.

विदाद : जन्म गेला तुमचा समुद्राचं पाणी तपासण्यात!

तौफीक : तेच तर. जन्मभर क्लोराइडशी भांडलो. आलेखावर त्याचाच डोंगर, नायट्रेट बिचारं खाली गाडलेलं. पाणी पातळ करावं, तर नायट्रेटही पातळ. चांदीच्या गाळणीनं क्लोराइड काढावं...

विदाद : तर ब्रोमाइडही जातं. मी तसं केलं, तेव्हा किती ओरडला होतात माझ्यावर!

तौफीक : आणि ही पोरगी? यंत्रातून वाहणाऱ्या द्रवातच समुद्राइतकं मीठ घालते, म्हणजे नमुन्यातलं मीठ वेगळं उरतच नाही! वर दिवा असा लावते, की त्या प्रकाशात क्लोराइड दिसतच नाही.

विदाद : केर्केना बेटावरची ना ती. बाप झावळ्यांचं कुंपण घालून ओहोटीत अडकलेले मासे धरतो. भरतीशी भांडत नाहीत ती माणसं.

तौफीक : मला नाही सुचलं कधी.

विदाद : हेवा वाटतो?

तौफीक : भीती वाटते. मी ‘बरोबर’ म्हणालो आणि चुकलं, तर नाव तिचं जाईल.

विदाद : आणि गप्प बसलात, तर तिची बेटावरची प्रयोगशाळा जाईल. गुरुवारपर्यंत तिच्या हातात तुमचं मत नसलं, तर वरचे लोक तिचं यंत्र उचलून राजधानीला, ट्यूनिसला नेणार आहेत.

तौफीक : म्हणून तर आज आपलं यंत्र तिच्या पद्धतीनं लावलंय. सकाळी तपासलेल्याच पाण्यात मी मोजून नायट्रेट घातलंय. किती, ते सांगणार नाही.

विदाद : माझ्यावर विश्वास नाही?

तौफीक : माझ्यावर नाही. तू वाच.

(पडद्यावर रेघ सरकत राहते.)

विदाद : ब्रोमाइड आलं... उतरलं, पार तळाला. आता नायट्रेट. अहो, कसं सुटं उभं आहे बघा! सकाळच्यापेक्षा लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम जास्त.

तौफीक : पुन्हा सांग.

विदाद : अर्धा. तुम्ही किती घातलं होतंत?

तौफीक : तेवढंच. या अल्लाह, अगदी तेवढंच!

विदाद : मग बसा आणि लिहा. ...हे काय, चार पानं? आणि ‘कदाचित’ किती वेळा?

तौफीक : कमी करतो.

विदाद : फाडा. एक ओळ आणि सही.

तौफीक : इतकं उघड लिहायचं?

विदाद : उघडच. आणि पळा, बेटाची बोट सुटेल.

...

विदाद : दमलात? टाकलंत ना?

तौफीक : बोटीच्या टपालात. स्वतःच्या हातानं.

विदाद : एकच ओळ?

तौफीक : दोन. ‘पद्धत बरोबर आहे.’ आणि...

विदाद : आणि काय आता?

तौफीक : ‘शिकायला येऊ का?’