वाघदरे फाट्यावरचा चुन्याचा बाण

जबाब
दि. ११/११/२०२५, वार मंगळवार. सुरू केल्याची वेळ दुपारी १ वाजून १० मिनिटे.

नाव ठमाबाई भिमाजी पेखळे, वय ५८ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा शेती व घरकाम, रा. पेखळे मळा, मौजे वाघदरे, ता. जि. नाशिक. मोबाईल नाही, मुलाचा आहे.

मी वर नाव लिहिलेली बाई आज स्वतः ठाण्यात हजर असून महिला हवालदार आशाताई यांच्यासमोर, विचारलेलं आणि न विचारलेलंही सांगते, ते असं की,

मी वरील ठिकाणी पती, मुलगा संतोष व सून यांच्यासोबत राहते. पतीचं नाव मी घेत नाही, ते वर आलेलंच आहे. जुलै महिन्यापासून त्यांच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना नाशिकला दवाखान्यात मशिनवर घ्यावं लागतं, एक वार चुकला तर अंगात पाणी भरतं आणि दम लागतो. आज मंगळवार आहे. ते आता मशिनवर आहेत, तीन वाजता काढतील. मशिनवरून काढलं की त्यांना चक्कर येते आणि ते मलाच हाक मारतात, संतोष जवळ असला तरी. म्हणून मी आल्या आल्या सांगितलं की ताई, हात जरा पटापट चालवा. ते पण लिहिलं तरी चालेल.

आमच्या घराला एकच वाट आहे. हायवेच्या वाघदरे फाट्यावरून कच्चा रस्ता निघतो, तो पाटाच्या चारीवरल्या मोरीवरून आमच्या दारात येतो आणि दारावरून पुढं जाऊन टोलनाक्याच्या पलीकडं परत हायवेला लागतो. पुढचा तुकडा नुसता चाकोरीचा, खाली उतार. त्यावरून ट्रक दणकत जातो, पण तीनचाकी रिक्षा उलटते, आजारी माणसाला तिकडून नेता येत नाही. आम्हाला म्हणून मोरीच. मोरी सिमेंटच्या नळ्यांची, माझ्या सासऱ्यांनी आणि भाऊबंदांनी वर्गणी करून घातलेली. ती बैलगाडीसाठी घातली होती.

हायवे रुंद केला तेव्हा आमचं रान मधोमध कापलं गेलं. घर अलीकडं राहिलं, विहीर पलीकडं गेली. मधे टोलनाका बसला. गाववाल्यांना सवलतीचा पास मिळतो, पण संतोष चार वर्षं एकलहऱ्याला ठेकेदाराकडं कामाला होता आणि तेव्हा त्याने आधारवर तिथला पत्ता टाकला, तो अजून बदललेला नाही. नाक्यावरचे म्हणतात तुम्ही इथले नाहीत. अहो, इथले नाही तर काय आभाळातून पडलो? माझ्या नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्या बापाचं त्याच्या आधी. पिकअपमधे पाइप टाकून आपल्या घरातून आपल्या विहिरीवर जायला माझं पोरगं रांगेत उभं राहतं आणि पावती फाडतं. टॅगमधे पैसे असले तरी मशिन वाचत नाही म्हणतात, गाडी मागं घ्या म्हणतात, मागचे हॉर्न वाजवून डोकं उठवतात. एकदा त्या बूमच्या दांड्याने आमच्या गाडीचा आरसा फुटला, तर म्हणाले तुम्हीच घाई केली. माझ्या डोक्यात ही सणक तेव्हापासून आहे. मी ती लपवत नाही.

आता बाणाचं. फेब्रुवारीत माझ्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न मळ्यातच केलं. आमच्याकडं लग्न असलं की पाहुण्यांना वाट कळावी म्हणून फाट्यापासून मांडवापर्यंत रस्त्यावर चुन्याने बाण काढतात. तसे काढले होते. फाट्यावरच्या मोठ्या दगडावर एक, मोरीच्या कठड्यावर एक, आमच्या गोठ्याच्या भिंतीवर एक. लग्न झालं, मांडव उतरला, बाण तसेच राहिले. आठ दिवसांनी एक पिकअपवाला बाण बघत बघत दारात आला आणि विचारू लागला, मावशी, इथून पुढं हायवे लागतो का? मी म्हटलं, लागतो ना बाबा, टोल चुकवून लागतो, जा खुशाल. तो हसला. मला पण लय बरं वाटलं, काय खोटं सांगू.

मग येतच गेले. कोणी पाणी मागायचं, कोणी बसायचं. मी पाणी द्यायची. नाक्यावरच्यांच्या हातून एकेक गाडी सुटली की मला वाटायचं, चला, आरशाची भरपाई झाली. पावसाने बाण पुसट झाले तेव्हा मी गोठ्याला लावायचा चुना कालवला आणि फाट्यावरच्या दगडावरचा बाण पुन्हा काढला. मला कोणी सांगितलं नव्हतं. संतोष ओरडला होता, आई, हे उद्योग बंद कर. मी त्याला गप्प केलं.

जुलैत आमचे मालक, म्हणजे नवरा, आजारी पडले. तोवर छोट्या गाड्या होत्या, पोळ्यानंतर मोठे ट्रक यायला लागले. मोरीचा एक कठडा पडला. मी वाटेत बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून बघितल्या, ते लोक उतरून बाजूला करायचे आणि जायचे. तेव्हा मी दगडावरचा बाण पुसायला हवा होता. फडकं ओलं करून दोन मिनिटांचं काम होतं. मी पुसला नाही.

का नाही पुसला असं आशाताईंनी विचारलं. आधी नाक्यावरच्या रागापायी राहिला, आणि गेल्या गुरुवारी तर टोलनाक्याचे मॅनेजरच आमच्या दारात आले होते. चपला घालून थेट ओट्यावर चढले. म्हणाले, म्हातारे, बाण पूस, नाहीतर केस टाकीन. मालक आत खाटेवर होते, त्यांना ऐकू गेलं. मला म्हातारी म्हटल्याचं काही नाही, म्हातारी आहेच. पण ओट्यावर? मी म्हटलं, जा, टाक केस, आणि टाक अजून एक नाका माझ्या चुलीपाशी. ते गेल्यावर मी चुना कालवला आणि तो बाण पहिल्यापेक्षा जाड काढला, लांबून दिसेल असा. ही गोष्ट गुरुवारची. शुक्रवारी आम्ही त्याच मोरीवरून दवाखान्यात गेलो आणि त्याच मोरीवरून परत आलो.

आज सकाळी सव्वानऊ वाजता गावातला रिक्षावाला मल्हारी आम्हाला घ्यायला आला. संतोष पहाटेच पंचवटीत मार्केटला कोथिंबीर घेऊन गेला होता, तो तिकडून परस्पर दवाखान्यात येणार होता. मी आणि मल्हारीने मालकांना रिक्षात बसवलं. पाय सुजलेले होते, चप्पल चढत नव्हती, बोलताना दम लागत होता. आम्ही मोरीपाशी पोचलो तर समोरून एक सहाचाकी ट्रक मोरीवर चढलेला होता. मल्हारीने हात केला, थांब थांब म्हणून. ट्रकचं पुढचं चाक पार झालं आणि मागचं नळ्या फोडून खाली गेलं. ट्रक मोरीवर आडवा कलला आणि तसाच अडकला. वाट पूर्ण बंद झाली. चारीला पाटाचं आवर्तन चालू आहे, छातीइतकं पाणी आहे.

मला काय झालं ते मला कळलं नाही. मी खाली उतरले, दगड उचलला आणि ट्रकवर मारला. पुढची काच फुटली. आत एकटाच ड्रायव्हर होता, काच लागून त्याच्या कपाळातून रक्त आलं. त्याला ही खोक माझ्या दगडाने पडलेली आहे, मोरी पडताना पडलेली नाही आणि गावातल्या कोणी मारलेलं नाही. मी त्याला म्हटलं, मुडद्या, तुझा मुडदा बसवला, माझ्या माणसाला आज मशिनवर न्यायचंय, कुठून नेऊ आता? त्याच्या बापालाही घेतलं त्यात. जे जे म्हटलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

सदर इसम खाली उतरला. सदर इसम म्हणजे तोच, निसार, मालेगावचा, नाव मला नंतर कळलं. तो आधी रिक्षात डोकावला, मालकांचे पाय बघितले, आणि मल्हारीला विचारलं, डायलिसिस आहे का चाचांचं? मल्हारी हो म्हणाला. त्याने चप्पल काढली, पँट वर केली, मग पाणी बघून म्हणाला, राहू दे, भिजली तर भिजली. मला म्हणाला, मावशी, शिव्या मागून द्या, आधी चाचांना माझ्या पाठीवर द्या.

मी दिलं. त्याने मालकांना पाठंगुळी घेतलं आणि चारीत उतरला. मल्हारी मागून धरायला उतरला. पाण्याला ओढ होती. मधे एकदा निसारचा पाय घसरला, मालकांचं डोकं त्याच्या खांद्यावर आपटलं, आणि मी काठावर उभी राहून तोंडावर पदर धरला. तो परत उभा राहिला. पलीकडं नेऊन त्याने त्यांना दगडाला टेकून बसवलं. तो फाट्यावरचाच दगड आहे. मालकांच्या सदऱ्याला मागून चुना लागला.

मल्हारीने परत येऊन मला हाताला धरून पलीकडं आणलं. हायवेला पाच-सहा गाड्यांना आम्ही हात केला, कोणी थांबलं नाही. मालकांचे ओठ निळे पडत होते. तेव्हा निसार म्हणाला, नाक्यावर अॅम्ब्युलन्स असते, मी घेऊन येतो. मल्हारी त्याला म्हणाला, अरे येड्या, तू त्यांचाच टोल चुकवून आलाय, तिथं गेला तर धरतील तुला. निसार म्हणाला, टॅग ब्लॅकलिस्ट दाखवतंय, ट्रकचा शेठ केवायसी करत नाही, नाक्यावर डबल टोल मागतात म्हणून मी बाण बघून वळलो, ते मी बघून घेईन. आणि तो त्या ओल्या कपड्यांत अनवाणी नाक्याकडं पळाला. चप्पल चारीच्या अलीकडं राहिली होती.

दहा मिनिटांत अॅम्ब्युलन्स आली. निसार तिच्यात नव्हता. आम्ही नाक्यावरून गेलो तेव्हा मी खिडकीतून बघितलं, त्याला ऑफिसच्या भिंतीला बसवला होता, दोन जण उभे होते, मॅनेजर फोनवर होते. त्याने आमची गाडी बघितली आणि हाताने खूण केली, जा, जा. आम्हाला तिथं कोणी अडवलं नाही, दांडा आधीच वर केलेला होता. मालकांना अकरा वाजता मशिनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं.

दवाखान्यात मला ठाण्यातून बोलावणं आलं. इथं आल्यावर कळलं की मॅनेजरने तक्रार दिली आहे, निसारने टोल बुडवला, वाट माहीत नसताना बेदरकार गाडी घातली, मोरी मोडली आणि तो पळून जात असताना त्यांच्या लोकांनी त्याला पकडला. मला साक्षीदार म्हणून त्यावर हो म्हणायचं आहे. मी हो म्हणत नाही. टोल बुडवला हे खरं, मोरी मोडली हे पण खरं. पळून जात होता हे साफ खोटं. पळून जाणारा माणूस टोलनाक्याकडं पळतो का, ताई? आणि वाट माहीत नव्हती हे पण खोटं. वाट मी दाखवली होती.

माझी ट्रकवाल्याविरुद्ध मोरीबाबत तक्रार नाही. मोरी गेली याचं मला दुःख नाही असं नाही. शुक्रवारी परत मशिन आहे, पाटाला पाणी अजून आठ दिवस आहे, आणि आज संध्याकाळीच त्यांना घरी न्यायचं आहे. संतोष बारीक अंगाचा आहे, मल्हारी एकटा किती धरणार? मला येताना बाहेरच्या बाकावर निसार दिसला, कपाळाला रुमाल बांधलेला, पाय अजून उघडे. मी चहा पाठवा म्हटलं तर जमादार म्हणाले, आरोपी आहे. त्याने मला विचारलं, चाचा कसे आहेत? दुसरं काही विचारलं नाही. मला रडू आलं ते राहू द्या, लिहू नका. बरं, लिहिलं असेल तर असू द्या.

माझं सांगणं संपलं. आशाताईंनी वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, एक जागा सोडून. फाट्यावरचा बाण पुन्हा कोणी काढला त्या ठिकाणी ताईंनी 'कोणी अज्ञात इसमाने' असं लिहिलं होतं. मी का म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाल्या, मावशी, तुमच्यावर येईल, घरी आजारी माणूस आहे, मंगळवार-शुक्रवार कोण नेईल त्यांना? त्यांचा जीव चांगला आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते शब्द माझ्यासमोर खोडून तिथं 'मी' लिहिलं आहे. ती खाडाखोड माझ्या सांगण्यावरून आहे, तिच्यावर माझी वेगळी सही घेतली आहे.

जबाब संपल्याची वेळ दुपारी २ वाजून ३५ मिनिटे.

(सही) ठमाबाई भिमाजी पेखळे