शनिवारी राहिलेलं बोलणं

(बुटांचं दुकान. दुपारची जेवणाची वेळ. आत एकटा सेल्समन, पन्नाशीचा. बाकावर सत्तरीच्या एक बाई. तो त्यांच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर.)

मावशी : अहो, राहू द्या. मी बूट घ्यायला आलेलीच नाही.

सेल्समन : बुटांच्या दुकानात बूट घ्यायला नाही, मग काय केस कापायला?

मावशी : थट्टा नका करू. तुमच्याशी बोलायला आले. ओळखलंत ना मला?

सेल्समन : खरं सांगू? चेहरे लक्षात राहत नाहीत माझ्या. पाय राहतात. डाव्या अंगठ्याजवळ हाड वर आलंय, उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलीय. मागच्या शनिवारी आला होतात. मुलगा होता बरोबर.

मावशी : होता.

सेल्समन : आणि हे बूट कुठून घेतलेत? टाच सोलवटलीय की. जखमेवरची पट्टीसुद्धा वाकडी लावलीय.

मावशी : वाकता येत नाही, अंदाजाने लावली. इथून उठलो ते थेट पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात. पाच मिनिटांत उरकलं मुलाने. मी म्हटलं, छान आहेत.

सेल्समन : होते छान?

मावशी : चावत होते. पण म्हटलं, छान आहेत.

सेल्समन : थांबा, पट्टी सरळ करतो. ओढतंय का?

मावशी : पाय सोडा हो. तुम्ही असे खाली बसलात की मला बोलवत नाही. इथे वर बसा ना, बाकावर.

सेल्समन : वर बसून टाच कशी दिसणार? एकोणीस वर्षं या स्टुलावर काढली. सवयीची जागा आहे.

मावशी : तेच माझा मुलगा म्हणाला ना. "पायाशी बसायचं काम तुझं, पायाशीच बस. वर तोंड करून बोलू नकोस." तेव्हापासून कानातून जात नाही ते. आणि खोकं फेकलं अंगावर.

सेल्समन : अंगावर नाही. बाजूला पडलं.

मावशी : कानाला लागून बाजूला पडलं. मी पाहिलं ना.

सेल्समन : पुठ्ठ्याचंच होतं, मावशी.

मावशी : पुठ्ठ्याचं असलं म्हणून फेकायचं का? तुम्ही म्हणालात काय? "जरा थांबा साहेब, आईंना चार पावलं चालून बघू द्या." एवढंच. त्यावर तो तसा बोलला, आणि मी काय केलं? मोजा घालत बसले. नीट बसलेला मोजा काढून पुन्हा घातला, वर बघायला नको म्हणून.

सेल्समन : अहो, गिऱ्हाईक ओरडतंच. आम्ही या कानाने ऐकतो...

मावशी : मला नका शिकवू. मी तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होते. नंबर लागला नाही की लोक मला फाडून खायचे. जशी तार मीच दातांनी तोडली. घरी जाऊन पदराने डोळे पुसायचे, नवरा म्हणायचा, कांदा चिरतेस का? म्हणायचे, हो. आणि एक बाई होत्या, कधी तोंड पाहिलं नाही त्यांचं. लाइन लागेपर्यंत विचारायच्या, "आज फार गर्दी आहे का हो तुमच्याकडे? दमलात का?" तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. हे सगळं माहीत असून मी गप्प बसले. म्हणून आले आज. चुकलं माझं.

सेल्समन : काय बोलू? असं म्हणायला आजवर कोणी परत आलेलं नाही. बूट बदलायला येतात.

मावशी : बरं, मग बदला. त्या दिवशीचे तपकिरी, अर्धा नंबर मोठे होते ते आहेत का?

सेल्समन : आहेत. बाजूला काढून ठेवले होते. म्हणजे... विकले गेले नाहीत, तसेच राहिलेत. आज आलात ते बरं झालं. उद्या आला असतात तर मी इथे नसतो.

मावशी : रजा?

सेल्समन : वर गोडाऊनला टाकलंय मला. खोकी लावायची, नंबर बघून खाली सोडायची.

मावशी : कोणी टाकलं? का?

सेल्समन : चालतंच हो तसं. मलाही बरंच आहे. कोणी ओरडणार नाही.

मावशी : कोणी बोलणारही नाही.

सेल्समन : ... तेच जरा. घरी एकटाच असतो मी. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी कुलूप लावतो, संध्याकाळी कुलूप काढतो. मधे जे काही बोलतो ते इथेच. "कुठे दाबतंय? चालून बघा. बोटं हलतात का?" एवढंच, पण बोलणं होतं. रविवारी दुकान बंद असतं ना, तर सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना घसा खाकरावा लागतो.

मावशी : खरं सांगा. माझ्या मुलामुळे झालं ना हे?

सेल्समन : मॅनेजर येतायत जेवून. तुम्ही बूट घालून बघा. तो विषय नको.

मॅनेजर : काका, बाकीचे कुठे गेले? बरं, मॅडम, काही हवंय?

मावशी : तुम्हीच हवे होतात. यांना वर का पाठवताय?

मॅनेजर : आमचं अंतर्गत आहे ते, मॅडम. एक कम्प्लेंट आली होती.

मावशी : शनिवारची? ज्याने केली त्याची आई आहे मी.

मॅनेजर : ओह. सॉरी मॅडम. म्हणूनच आम्ही लगेच अ‍ॅक्शन घेतली. आता पाय कसा आहे?

मावशी : पायाला काय झालंय?

सेल्समन : साहेब, राहू द्या ना.

मॅनेजर : नाही, फॉर्ममध्ये तसं लिहिलंय. थांबा, वाचतो. "सेल्समनने उद्धट भाषा वापरली. माझ्या वृद्ध आईचा पाय जोरात पिरगळला. घरी आल्यावर तिला चालता येत नव्हतं."

मावशी : पिरगळला? अहो, चालता येत नव्हतं ते या दुसऱ्या बुटांनी! हे बघा, हे. यांनी तर कापसासारखा धरला होता पाय.

मॅनेजर : असेल, पण कस्टमरने लेखी दिलंय...

मावशी : पाय कोणाचा आहे?

मॅनेजर : अं?

मावशी : पाय माझा आहे ना? मग पायाचं मी सांगणार. लिहून घ्या. कागद द्या, मीच लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं.

मॅनेजर : कागदावर नाही चालत. सिस्टिममध्ये त्याच कम्प्लेंटखाली तुमचं स्टेटमेंट टाकावं लागेल. आणि मॅडम, आधीच सांगतो. टाकलं की त्यांना मेसेज जातो. तुमच्या नावासकट.

मावशी : मुलाला?

मॅनेजर : हो. काय लिहिलंय तेही दिसतं.

सेल्समन : मावशी, ऐका माझं. तुम्ही आलात, बोललात, मला सगळं पोचलं. तुम्हाला त्याच घरात राहायचंय. मी खोकी लावेन, त्यात काय एवढं?

मावशी : तो वाईट नाही हो. लहानपणी मुंग्यांना साखर घालायचा. आता... आता कोणाकडे बघतच नाही. माझ्याकडेही नाही. ताट वाढते, तो मोबाइलकडे बघून म्हणतो, ठेव. रागावला तर आधीच कमी बोलतो, तेवढंही बंद होईल.

सेल्समन : म्हणून तर सांगतोय.

मावशी : ... किती ओळी बसतात त्यात?

मॅनेजर : हव्या तितक्या.

मावशी : मग टाइप करा. "मी स्वतः तिथे होते. सेल्समनने माझा पाय दुखावला नाही. ते उद्धट बोलले नाहीत. उद्धट माझा मुलगा बोलला आणि त्याने खोकं फेकलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं." झालं? खाली माझं पूर्ण नाव घाला.

मॅनेजर : शेवटचं वाक्य गरजेचं नाही, मॅडम.

मावशी : तेच गरजेचं आहे. घाला.

मॅनेजर : घातलं. पाठवू ना? एकदा गेलं की परत येत नाही.

मावशी : पाठवा.

मॅनेजर : ... गेलं. काका, हेड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत मात्र तुम्ही वरच. माझ्या हातात नाही ते. पंधरा दिवसही लागतील, महिनाही.

सेल्समन : चालेल साहेब.

मॅनेजर : तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत मला?

सेल्समन : तुम्ही विचारलं नाहीत. फॉर्म दाखवलात आणि सही घेतलीत.

मॅनेजर : मी आत आहे. मॅडमचे बूट झाले की बिल करा.

मावशी : तुमचे साहेब रागावले का?

सेल्समन : नाही. तरुण आहे. उभ्या राहा बघू. बोटं हलतात?

मावशी : हलतात. अगंबाई, सगळी हलतात.

सेल्समन : दारापर्यंत जाऊन या. सावकाश. कोणी घाई करत नाहीये.

मावशी : थांबा, फोन वाजतोय माझा. त्याचाच आहे.

सेल्समन : इतक्या लवकर? मेसेज पोचला वाटतं. उचलू नका. उचलायचाच असेल तर मी बाहेर जातो...

मावशी : बसा इथेच. हॅलो? ... हो. ... हं. ... नाही, आज तूच घे करून. ... डबा दुसऱ्या फळीवर आहे. ... बरं.

सेल्समन : काय म्हणाले? फार चिडलेत?

मावशी : मेसेज नाही बघितला अजून. वरच्या खोलीत बसून काम करतो तो, तिथूनच फोन करतो मला. चहा वर आणून दे म्हणाला.

सेल्समन : म्हणजे तुम्ही घरात नाही, हे...

मावशी : सकाळी अकराला निघालेय मी. बस किती वाजता आहे हो परतीची?

सेल्समन : एक आत्ता आहे, पण तिला फार गर्दी असते. पुढची चारला. बसा, दुसऱ्या टाचेलाही पट्टी लावून देतो.