त्यांच्या हिशोबात मी ऑस्ट्रेलियन

मी मूळचा इचलकरंजीचा, वडील यंत्रमागावर, आणि आमच्या गल्लीत कबड्डी म्हणजे सकाळ-संध्याकाळ कबड्डीच, अंगाला तांबडी माती नसली तर आई विचारायची, बरं नाही का रे तुला. मी कोपऱ्याला उभा राहायचो. समोरच्याचा घोटा हातात आला की विषय संपला. मग इंजिनिअर झालो, दोन हजार तीनला व्हिसावर अमेरिकेत शॉमबर्गला आलो, टेस्टिंगचं काम, आणि काय सांगू तुम्हाला, दिवसभर खुर्चीत बसून मांड्यांचं नुसतं पीठ झालं यार.

एका शनिवारी पार्कात बघतो तर बिनबाह्यांचे टीशर्ट घातलेले बाप्ये लांबुळक्या बॉलमागे धावतायत, लाथ मारतायत, मुठीनं पास देतायत, एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत. हा ऑस्ट्रेलियातला फुटबॉल, मला काय माहीत? बॉल माझ्याकडे आला, उचलला आणि सुटलो, मागे चौघं लागले, एकाच्याही हाताला लागलो नाही. त्यांचा कॅप्टन क्रेग, मेलबर्नचा सुतार, म्हणाला, मेट, पुढच्या शनिवारी ये.

गेलो. पहिल्याच मॅचला एक जण बॉल घेऊन आला, मी सूर मारून घोटा धरला, गडी आडवा! तर शिट्टी, फ्री किक त्यांना. परत घोटा, परत शिट्टी. क्रेग बोंबलतोय, गुडघ्याच्या वर धर, वर! अहो, लहानपणापासूनची सवय, हात घोट्याकडेच जाणार ना. आणि बॉल घेऊन पळालो की तोंडातून कबड्डी कबड्डी सुरू, सगळे हसून लोळायचे. माझा रूममेट मंदार, पुण्याचा, तो म्हणायचा, पाय मोडलास तर ऑफिसात काय सांगणार, अंड्यामागे धावत होतो?

पण शिकलो. कंबर धरायला शिकलो आणि केव्हिनला शिकवलं. केव्हिन म्हणजे इथलाच, प्लंबर, एवढा धिप्पाड गडी आणि अंगावर माणूस आला की डोळे मिटायचा. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मैदानावर पांढऱ्या रेघा कोण मारायचं? मी. प्लास्टिकच्या पाइपांचे गोलखांब कोण उभे करायचं? मीच. चार वर्षं, लिहा तुम्ही, चार वर्षं!

आणि मग आमचा क्लब पहिल्यांदा देशातल्या मोठ्या टूर्नामेंटला निघाला. मी सुट्टी टाकली, रात्री झोप नाही, आठ तास ड्राइव्ह केलं, आणि तिथे पार्किंग लॉटमध्ये, बूट घालत होतो हो मी, क्रेग म्हणतो, सॉरी मेट, इथे रूल कडक आहे, अर्धी टीम अमेरिकन लागते, आणि परदेशी लोकांच्या जागा भरल्यात. मी म्हटलं, परदेशी कोण? म्हणे, आपण. तू, मी, ऑस्ट्रेलियाची बाकीची पोरं. म्हणजे मी ऑस्ट्रेलियन! तो देश मी नकाशात सोडून कुठे बघितला नाही! त्यातले दोघं तर मेलबर्नहून नुकतेच आलेले, मैदानाला कधी चुना लावला नाही त्यांनी, आणि या साहेबांचं स्वतःचं नाव सगळ्यात वर. वर म्हणतो, पाणी द्यायला राहशील ना?

राहिलो. का राहिलो, मलाच विचारा. बाटल्या घेऊन धावत होतो, आणि बघतो तर केव्हिननं बॉल उचलला, डोळे सताड उघडे, दोघांना चुकवून पळाला आणि तोंडानं मोठ्यानं कबड्डी कबड्डी कबड्डी! आईशप्पथ, तेव्हा रडू आलं आणि राग दुप्पट झाला. 

ग्रीन कार्ड आलं की अमेरिकनांत मोजतील म्हणे, पण ते येईल तेव्हा येईल, गुडघे काही थांबत नाहीत. तरी शनिवारी जातो, रेघा मारतो, खेळतो. केव्हिनला देवानं सुखी ठेवावं. क्रेगचंही भलं होवो. पण त्या दिवशी त्यानं बाटलीसाठी हात पुढे केला आणि मी त्याच्यासमोरून तसाच पळत गेलो. उद्या परत हात केला तरी तसाच जाईन.