पारुलच्या जागी

बारिसालच्या धक्क्यावर ढाक्याच्या बोटीसाठी रांग लागली होती. मनोवाराच्या पुढे शाळकरी मुलींच्या तब्येतीची पाहणी करणारे दोघे वाद घालत होते.

"लुबना, ती पारुल शाळा सोडून ढाक्याला कपड्यांच्या कारखान्यात गेलीय. तिच्या जागी पटावरची पुढची मुलगी घे की!"

"नाही सुफियानभाई. सोडतीत चिठ्ठी पारुलची निघालीय, तिच्या जागी दुसरी चालत नाही. अशा गेलेल्या वगळल्या, तर कागदावर सगळ्याच ठणठणीत दिसतील."

"एवढ्या लांब जाऊन विचारणार काय?"

"पोटभर जेवतेस का, झोप लागते का, रडू येतं का."

मनोवारानं लुबनाचा हात धरला.

"पोरी, पारुल माझी लेक. काय म्हणाली ते मला सांगशील?"

"खाला, उत्तरं कुणालाच सांगता येत नाहीत."

"नको सांगूस. पण विचार हं. मला ती नुसतं 'बरी आहे' म्हणते."