मामीनं काठावर आथरलेली गादी

आमच्या शंकरमामाचं सांगतो तुमाले. रिठदजवळच्या तलावात मासे धरते तो. काठावर सारे टोकदार गोटे. नव्या लाकडी नावेचं बूड घासू नये म्हणून मामा काठ यायच्या आधीच कमरेएवढ्या पाण्यात उतरे अन् नाव हातानं वर ओढे. पाठ धरली त्याची. एक दिवस मी संगं होतो. पाह्यतो त मामीनं गोट्यायवर गादी आथरलेली!

मामा वरडला, "अवं, माही गादी कायले आणली?"

"नावेले जपाले."

"अन् मी कायवर निजू?"

मामी म्हणे, "माह्या गादीवर निजा. नावेचं बूड फुटलं त सुतार भेटते. तुमच्या पाठीले कुठचा सुतार आणू?"

मामानं नाव गादीवर चढू देली, अन् पह्यल्यांदाच कोरड्या पायानं खाली उतरला.